बँडसकट नवरदेव

आधीच सांगून टाकलेलं बरं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीस वर्षं एका बँकेत कारकुनी करतो आहे. पाश्चात्त्य संगीताशी माझा अधिकृत संबंध म्हणाल तर वरातीतला क्लॅरिनेट आणि शाळेच्या संचलनातला बिगूल, एवढाच. शोपँ ह्या थोर माणसाचं नाव मी वयाच्या तिशीपर्यंत सरळ 'चोपिन' असं वाचत होतो. त्या नावाने डोळ्यांपुढे उभा राहायचा तो हातात छडी घेतलेला, "थांब, चांगला चोपीन!" म्हणणारा गणिताचा मास्तर. पुढे कळलं, की हा मनुष्य पोलंडचा, प्रकृतीने तोळामासा आणि इतकं हळुवार वाजवणारा, की मोठ्या सभागृहातल्या मागच्या रांगांना नीट ऐकू येत नाही अशी त्याच्याबद्दल तक्रार असे. चोपणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. पियानोलासुद्धा नाही.

तर असा मी आज शोपँच्या एका रचनेवर टीका लिहायला बसलो आहे. धाडस माझं आहे, पण अपराध आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा.

काका निवृत्त आहेत, एकटे राहतात, आणि त्यांच्याकडे पियानोच्या ध्वनिमुद्रिकांचं एक भलंमोठं कपाट आहे. आता तेच सगळं मोबाइलवर ऐकता येतं, पण काकांना तबकडीवरची धूळ पुसल्याशिवाय संगीत सुरू झालंय असं वाटतच नाही. दर रविवारी सकाळी ते मला होमिओपॅथीच्या पुडीसारखी एकेक चीज देतात. नोक्टर्न झाले, मझुर्का झाले, वॉल्ट्झ झाले. एका रविवारी म्हणाले,

"आज जरा वेगळं ऐक. फारसं कुणी वाजवत नाही हे."

"का हो काका? वाईट आहे?"

"अवघड आहे. आणि अवघड असून त्या मानाने टाळ्या कमी."

म्हणजे आमच्या भाषेत जोखीम जास्त, व्याज कमी. असल्या ठेवीकडे कुणी फिरकत नाही हे मला लगेच पटलं.

त्या रचनेचं नाव 'आलेग्रो द कॉन्सेर'. ओपस ४६, सूर ए मेजर, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या हिशेबाने पांढरी सहा. प्रसिद्धी १८४१. लांबी बारा-तेरा मिनिटं. वाजवणारा माणूस एक, वाद्य एक. मी डोळे मिटून, मान हलवायच्या तयारीत बसलो.

पहिली तीन मिनिटं भरघोस वाजलं. दोन्ही हातांनी मुठीमुठीने स्वर उचलून टाकावेत तसे ठोके. थाटाची, छाती काढून चालणारी सुरुवात. मधे एक गोड धून डोकावून गेली, पुन्हा थाट. आणि मग काय झालं कोण जाणे, ते सगळं शांत झालं आणि जणू दुसराच कुणी माणूस खोलीत आला. हलक्या बोटांनी, नक्षी काढत, मधेच थबकत बोलू लागला. मी डोळे उघडले.

"काका, हा आत्ता आला का? मग मघापासून कोण वाजवत होतं?"

काका एवढे खूश झाले, की त्यांनी चहात साखर दोनदा घातली. म्हणाले, "बरोब्बर विचारलंस! मघापासून वाजत होता तो ऑर्केस्ट्रा. फक्त तो तिथे नव्हता."

आता हा उलगडा मी माझ्या पद्धतीने सांगतो, कारण काकांनी सांगितलेला जसाच्या तसा लिहिला तर वाचकही माझ्यासारखेच दोन दिवस चाचपडतील.

कॉन्चेर्टो म्हणजे एक लग्न आहे असं समजा. वाद्यवृंद ही वरात आणि पियानोवाला हा नवरदेव. जुन्या रीतीप्रमाणे आधी नुसती वरात वाजते. ढोल, ताशे, क्लॅरिनेट, सगळ्या मंडळींनी आज कुठली गाणी म्हटली जाणार आहेत त्याची झलक द्यायची. नवरदेव तोपर्यंत काळा कोट घालून, मांडीवर हात ठेवून, आपला काहीच संबंध नसल्यासारखा बसलेला असतो. शोपँच्या ई मायनर कॉन्चेर्टोत ही वरात १३८ बार चालते आणि एफ मायनरमध्ये ७० बार. (बार म्हणजे आपल्या आवर्तनाचा तिकडचा चुलतभाऊ. तोंडवळा सारखा, इस्टेट वेगळी.) मग वरात थांबते, सगळ्या माना वळतात, आणि नवरदेव प्रवेश करतो. कॉन्चेर्टोतली अर्धी गंमत ह्या प्रवेशात असते.

आता 'आलेग्रो द कॉन्सेर'मध्ये काय होतं ते पाहा. वरात आहे, चांगली ८६ बारांची आहे, पण वराती कुणीच आलेले नाहीत. तेव्हा नवरदेव स्वतःच गळ्यात ढोल अडकवतो, स्वतःच क्लॅरिनेट फुंकतो, स्वतःच पुढे नाचतो. मग ८७व्या बारापाशी ढोल खाली ठेवतो, घाम पुसतो, फेटा सावरतो, घोड्यावर चढतो आणि आपण आत्ताच पोचतो आहोत असा चेहरा करतो. पुढेही मधूनमधून हाच प्रकार. घोड्यावरून उतर, ढोल वाजव, पुन्हा चढ.

असं का? तर ही रचना मुळात एका कॉन्चेर्टोचा पहिला भाग व्हायची होती. शोपँचा तिसरा कॉन्चेर्टो. तो पुरा झाला नाही. जेवढं झालं होतं ते बऱ्याच वर्षांनी त्याने एकट्या पियानोसाठी बसवलं, ऑर्केस्ट्राचं कामही पियानोकडेच सोपवलं आणि छापून टाकलं.

हे ऐकल्यावर मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. बँकेत सस्पेन्स खातं नावाचा एक प्रकार असतो. जी रक्कम आली आहे खरी, पण कुणाच्या नावावर घालायची ते ठरत नाही, ती तात्पुरती सस्पेन्समध्ये टाकतात. तात्पुरती म्हणजे ऑडिटर ओरडेपर्यंत. लेजरं गेली, कॉम्प्युटर आले, पण सस्पेन्स काही गेलं नाही. जुन्या नोंदी तिथे वर्षानुवर्षं पडून असतात आणि त्यांच्याकडे पाहिलं की शाखाधिकाऱ्याची झोप उडते. शोपँचा तिसरा कॉन्चेर्टो ही अशीच सस्पेन्समधली नोंद आहे. म्हणून मी ह्या खात्याची तपासणी करायचं ठरवलं.

आधी वरच्या दोन नोंदी. शोपँचा जन्म १८१०चा. एफ मायनर कॉन्चेर्टो त्याने वॉर्सात मार्च १८३०मध्ये वाजवला आणि ई मायनर ऑक्टोबर १८३०मध्ये. म्हणजे एफ मायनर थोरला, ई मायनर धाकटा. पण छापताना धाकटा आधी छापला गेला, १८३३ साली, आणि तो झाला पहिला. थोरला १८३६मध्ये छापला, तो झाला दुसरा. आजतागायत जगभर ते तसेच ओळखले जातात. आमच्याकडे कुणी व्हाउचरांना असे उलटे नंबर दिले असते तर त्याची वार्षिक वेतनवाढ थांबली असती. संगीतात मात्र व्यवहाराच्या तारखेपेक्षा पोस्टिंगच्या तारखेला मान.

ते असो. विसाव्या वर्षी गाठीला दोन कॉन्चेर्टो असलेला हा मुलगा २ नोव्हेंबर १८३० रोजी वॉर्सा सोडून निघाला. व्हिएन्नाला जायचं, नाव कमवायचं आणि परत यायचं. तिसऱ्याचा विचार डोक्यात असणं अगदी साहजिक होतं. त्या काळचा पियानोवादक नव्या शहरात जाताना स्वतःचा नवा कॉन्चेर्टो घेऊन जायचा, जसा आपल्याकडे जावई पहिल्या दिवाळीला नवा कोट घालून जातो. व्हिएन्नातून त्याने घरी कळवलं, की इथल्या एका पोलिश मित्राबरोबर वाजवायला दोन पियानोंचा कॉन्चेर्टो लिहायचा बेत आहे. जाणकार मंडळी ह्या बेताचा धागाही पुढे ओपस ४६शी जोडतात.

पण तो व्हिएन्नाला पोचून आठवडा उलटतो न उलटतो, तोच २९ नोव्हेंबरला वॉर्सात रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. पुढच्या सप्टेंबरात रशियन फौजांनी शहर घेतलं. शोपँ तेव्हा प्रवासात होता. त्याच्या पासपोर्टावर नोंद होती, पॅरिसमार्गे लंडनला जाण्याची. पुढे पॅरिसमध्ये राहून वर्षं लोटली तरी तो गमतीने म्हणत असे, की आपण इथे फक्त वाटेत थांबलो आहोत. हे वाटेतलं थांबणं अठरा वर्षं चाललं आणि १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्येच संपलं. वॉर्साला तो पुन्हा कधीच गेला नाही.

म्हणजे सस्पेन्समध्ये नुसता कॉन्चेर्टो नव्हता. माणूसही होता.

घरी वडील वाट पाहत होते. बाप कुठल्याही देशातला असो, मुलाच्या अपुऱ्या कामाची आठवण त्याला पत्रागणिक येते. तिसऱ्या कॉन्चेर्टोचं काय झालं, पुरा केलास का, अशी चौकशी त्यांनीही केलेली आहे. माझ्या वडिलांनी माझ्या सी.ए.ची अशीच चौकशी केली होती. मी पत्ता बदलला नव्हता, एवढाच फरक.

मुलगा काय उत्तर देणार? पॅरिसने त्याला वेगळ्याच वाटेला लावलं होतं. शेकडो लोकांपुढे वाजवणं त्याला मानवत नसे. उभ्या आयुष्यात त्याचे जाहीर कार्यक्रम जेमतेम तीसेक झाले. शिकवण्या करायच्या, ओळखीच्या घरी वीस-पंचवीस माणसांत वाजवायचं, ह्यात तो रमला. आणि ऑर्केस्ट्राशी त्याचं मुळातच फारसं सूत नव्हतं. त्याच्या दोन्ही कॉन्चेर्टोंतला वाद्यवृंद हा नवरदेवाच्या मागे आहेराची पिशवी धरून उभ्या असलेल्या मामासारखा आहे. उपस्थिती आवश्यक, बोलायचं काम नाही. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं त्याचं सगळं लेखन तरुणपणातलं. पुढे त्याने तो नादच सोडला.

शेवटी १८४१मध्ये त्याने ही जुनी नोंद निकालात काढली. नोंद अकरा वर्षांची झाली होती. एव्हाना त्याचा उन्हाळा जॉर्ज सांड ह्या लेखिकेच्या नोआँच्या घरी जात असे आणि पॅरिसची कामं शाळेतला मित्र युलियान फोंताना बघत असे. नकला करणं, प्रकाशकाकडे खेपा घालणं, पैशांची घासाघीस करणं, सगळं फोंतानाकडे. (प्रत्येक थोर माणसामागे एक फोंताना असतो. आमच्या शाखेत तो मी आहे. थोर माणूस कोण, हे मात्र अजून ठरायचं आहे.) रचना अर्पण केली ती व्हिएन्नाहून येऊन त्याच्याकडे शिकलेल्या फ्रीडरीके म्युलर ह्या शिष्येला. घर सोडून आल्यावर ज्या व्हिएन्नात जीव टांगणीला लागला होता, त्याच गावच्या मुलीच्या नावावर ती जुनी ठेव जमा झाली. योगायोगच, पण हिशेब जुळल्याचं समाधान देणारा.

इथवर झाली हकीकत. आता टीका. टीकाकाराने आपलं मत द्यावं लागतं, नाहीतर त्याच्यात आणि चौकशी खिडकीत फरक काय?

तर माझं मत असं, की ही रचना पूर्णपणे जमलेली नाही. ह्या वाक्याबद्दल काकांनी माझ्याशी दोन रविवार अबोला धरला होता, तरी मी ते मागे घेत नाही. कारणं देतो.

पहिलं कारण, सांधा दिसतो. खऱ्या कॉन्चेर्टोत वरात आणि नवरदेव ह्यांचे आवाजच वेगळे असतात. व्हायोलिनं, शिंगं, बासऱ्या थांबून पियानोचा पहिला स्वर येतो तेव्हा काही न सांगता कळतं, की आला. इथे दोघांचाही आवाज पियानोचाच. मग फरक दाखवायचा कशाने? जाड लिहिलं की ऑर्केस्ट्रा, बारीक लिहिलं की पियानो. शोपँने तो फरक फार हुशारीने लिहिला आहे, पण तरी जाड भागात पियानो थोडासा, दुसऱ्याचा सदरा घातलेल्या माणसासारखा वाटतो. बाह्या लांब होतात.

दुसरं कारण, मधला भाग. एकदा सगळ्या धुना मांडून झाल्या, की त्यांना एकमेकींशी भांडायला लावायचं, गावभर फिरवून आणायचं आणि मग घरी परत आणायचं, असा ह्या प्रकारच्या संगीतात रिवाज आहे. इथे ते फिरणं फार थोडक्यात आटोपलं आहे. त्याऐवजी बोटांची कसरत पुष्कळ. जोडस्वरांच्या जिने चढायच्या-उतरायच्या, कंपनं, धबधबे. वाजवणाऱ्याची बोटं मोडतील इतकं अवघड. शोपँच्या सर्वांत कठीण गोष्टींत हिची गणना होते. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला ऐकताना त्या धबधब्याखाली माझी नजर एकदोनदा घड्याळाकडे गेली, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. विसाव्या वर्षीची ऐट एकतिसाव्या वर्षीच्या माणसाने जपून ठेवली आहे, आणि तसं जपलेलं कळतं.

तिसरं कारण शेजार. ओपस ४७ हा त्याचा तिसरा बॅलाड आणि ओपस ४९ ती एफ मायनर फँटसी. दोन्ही त्याच वर्षाची लेकरं. त्यांत कुणाची तरी जागा चालवल्याची भावना नाही. पियानोला जे सांगायचं आहे ते पियानो सांगतो. त्या दोघांच्या शेजारी उभं केलं, की आपलं ४६ नंबर थोडं गावाकडून आल्यासारखं दिसतं. भारी कोट, पण शिवलेला मागच्या पिढीच्या शिंप्याकडे.

एवढं असूनही मी ते आतापर्यंत पंधरा-वीस वेळा ऐकलं आहे. बॅलाड तेवढ्या वेळा ऐकलेला नाही. टीकाकार म्हणून ह्याचा खुलासा करणं मला भाग आहे, आणि त्यासाठी एक खाजगी गोष्ट सांगावी लागेल.

आठ वर्षांपूर्वी मी एक तीन अंकी नाटक लिहायला घेतलं होतं. पात्रं सतरा. विषय अर्थातच बँकेतला दरोडा. बँकेच्या स्नेहसंमेलनात करायचं ठरलं होतं. पहिला अंक लिहून झाला आणि बदल्यांचे हुकूम निघाले. नायक नांदेडला गेला, दरोडेखोरांपैकी दोघे पदोन्नती होऊन साहेब झाले, आणि साहेबाने दरोडेखोराचं काम करणं प्रशासनाला बरं दिसेना. शेवटी सतरांपैकी मी उरलो. पुढे दोन वर्षांनी मी त्या अंकाचा एकपात्री प्रयोग केला. मीच कॅशियर, मीच दरोडेखोर, मीच "हात वर!" म्हणणार आणि मीच हात वर करणार. लोक पुष्कळ हसले. घरी येताना मी सौभाग्यवतींना विचारलं, कसं झालं?

ती म्हणाली, "छान झालं की. फक्त मधेमधे तुम्ही कुणाची तरी वाट बघितल्यासारखे थांबत होतात."

तिने हे सहज म्हटलं. मला मात्र ते झोंबलं, कारण ते खरं होतं. मी थांबत होतो तो ज्या ठिकाणी मूळ संहितेत नायक यायचा त्या ठिकाणी.

'आलेग्रो द कॉन्सेर' पुन्हा ऐकताना मला तेच जाणवलं. तो थाटाचा ठोका वाजतो, क्षणभर जागा मोकळी राहते, आणि त्या जागेत कुणीतरी यायचं असतं. तीस-चाळीस माणसं, व्हायोलिनं घेऊन. ती येत नाहीत. मग हाच पुढे होतो आणि त्यांचं कामही करून टाकतो. मी ज्याला दोष म्हणून वर पहिला नंबर दिला, तो सांधाच मला परत परत तिकडे ओढून नेतो. बॅलाडमध्ये सगळं भरलेलं आहे. इथे एक रिकामी खुर्ची आहे, आणि वाजवणारा तिला वळसा घालून चालतो.

म्हणूनच ही रचना वाजवायची कशी, ह्यावरही मला माझं ज्ञान पाजळता येतं. व्लादिमिर अश्केनाझीने आणि क्लाउदिओ आराउने, दोघांनीही ती ध्वनिमुद्रित केली आहे. काका अश्केनाझीच्या बाजूचे, मी आराउच्या. आराउचा स्वर मुळातच भरदार. त्याला वरात वाजवताना ओरडावं लागत नाही. जो पियानोवाला जाड भागात 'पाहा पाहा, मी ऑर्केस्ट्रा झालो' म्हणून धडाधड आपटतो, तो एकपात्रीत बायकी आवाज काढणाऱ्या नटासारखा वाटतो. सोंग कळलेलंच असतं, ते खांद्याला धरून हलवून दाखवायचं नसतं.

पण जगात पुऱ्या न झालेल्या गोष्टी काही लोकांना बघवत नाहीत. आमच्या शाखेत दुसऱ्याचं अर्धवट शब्दकोडं पुरं करणारे एक गृहस्थ आहेत, त्यातलाच हा प्रकार. एकोणिसाव्या शतकात जाँ लुई निकोदे नावाच्या जर्मन संगीतकाराने ह्या रचनेला पुन्हा ऑर्केस्ट्रा चढवला आणि मधला भाग तोकडा वाटला म्हणून पदरचा थोडा घालून तो लांबवलासुद्धा. म्हणजे माझ्या दुसऱ्या हरकतीला एक मातबर पाठिंबा आहे, हे काकांनी लक्षात घ्यावं. विसाव्या शतकात ॲलन कोगोसोव्स्की ह्या ऑस्ट्रेलियन पियानोवादकाने आणखी पुढची मजल मारली. हा पहिला भाग, शोपँचा एक नोक्टर्न तो दुसरा, त्याचाच बोलेरो तो तिसरा, असा अख्खा तिसरा कॉन्चेर्टो जुळवून १९९९मध्ये डेट्रॉइटच्या ऑर्केस्ट्राबरोबर सादर केला.

अशा जोडकामांबद्दल माझी भूमिका बँकवाल्याची आहे. खातं ज्याचं, सही त्याची. शोपँने ऑर्केस्ट्रा विसरून राहिला म्हणून सोडलेला नाही. अकरा वर्षं विचार करून, स्वतःच्या हाताने त्याने ते खातं बंद केलं आणि शिल्लक पियानोच्या नावावर वळती केली. आता वारसांनी येऊन ते पुन्हा उघडायचं, हा व्यवहार काळजी घेऊन केलेला असला तरी त्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी बसल्यावर मी ऐकायचं काय?

नाही म्हणायला त्याच काळात शूमाननेही असा एक उद्योग केला होता. १८३६ साली त्याची एक सोनाटा 'ऑर्केस्ट्राविना कॉन्चेर्टो' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. पण ते नाव प्रकाशकाच्या डोक्यातून आलेलं. तिथे ऑर्केस्ट्रा नव्हताच, त्यामुळे गेल्याचं दुःखही नाही. ब्रह्मचारी आणि विधुर ह्यांच्यातला तो फरक आहे. दोघेही एकटेच जेवतात, पण विधुराच्या घरी पाट दोन असतात.

शेवटची एक नोंद राहिली. शोपँने कुणाजवळ तरी बोलून दाखवलं होतं अशी आठवण सांगतात, की वॉर्सा स्वतंत्र होईल, मी घरी परत जाईन, तेव्हा पहिल्या कार्यक्रमात हीच रचना वाजवीन. आठवण खरी असो वा रचलेली, ऐकल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मग त्या ८६ बारांचा अर्थ बदलतो. वराती आलेले नाहीत, ते गावाकडे आहेत. हा परदेशात, पंचवीस माणसांच्या दिवाणखान्यात, एकटा ढोल वाजवून बघतो आहे, की वेळ आली तर आपल्याला जमेल ना.

पोलंड पुन्हा स्वतंत्र देश झाला तो १९१८ साली. शोपँ जाऊन तोवर एकोणसत्तर वर्षं झाली होती. त्याचा देह पॅरिसच्या पेर-लाशेझ दफनभूमीत आहे. पण हृदय त्याची थोरली बहीण लुद्विका हिने गावी नेलं, आणि ते आज वॉर्साच्या होली क्रॉस चर्चच्या एका खांबात आहे. दुसऱ्या महायुद्धात ते तिथून हलवावं लागलं होतं. १९४५मध्ये, त्याच्या पुण्यतिथीलाच, ते परत जागेवर आणलं. अख्खा माणूस काही घरी पोचला नाही. जेवढं नेता आलं तेवढं नेलं.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तबकडी पुसत बसले. एरवी एवढी धूळ नसते. मग म्हणाले, "तू ते 'जमलेलं नाही' वगैरे लिहिणार आहेस ना?"

"लिहिणार आहे काका. पण ते खरंच पूर्ण जमलेलं नाही."

"नसेल," काका म्हणाले. अबोला सुटल्याची ती खूण होती. "पुढच्या रविवारी एखादा नोक्टर्न ऐकू. सोपा, आणि चांगला जमलेला."

"पुढच्या रविवारी नोक्टर्न," मी म्हटलं. "आज हेच परत लावा. आणि मधून नको काका, सुरुवातीपासून. वरातीसकट."